ऑगस्टातली द्राक्षं

लिहायला बसताना संकोच वाटत होता आणि तो अजून गेलेला नाही. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं आयुष्य एखाद्या खात्यात घालवून आलेली असतात. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काम द्राक्षाची छाटणी, तेही कॉलेजच्या सुट्टीत आणि रविवारी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे अंकात लिहायचं कसं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "आठवीपासून कात्री हातात आहे ना? मग हंगाम मोज. काही नोकरदारांपेक्षा जास्त भरतील." त्यांच्या शब्दावर धीर केला आहे. चुकेल ते माझं समजावं.

मी मंद्रूपजवळच्या एका गावचा. माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, छाटणीच्या टोळीचे मुकादम आहेत. त्यांनीच मला हे काम शिकवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे द्राक्षाची वेल वर्षात दोनदा कापतात आणि पीक एकदाच घेतात. एप्रिलात खरड छाटणी. त्यात एकदोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून बाकी सगळं उतरवायचं. बाग उघडीबोडकी दिसते आणि नवा माणूस हळहळतो. त्या डोळ्यांतून उन्हाळाभर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांच्या पोटात पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. तो बाहेरून दिसत नाही. मग ऑक्टोबरात फळछाटणी. तेव्हा काडीवर सहा-सात डोळे राखून वरचं कापायचं. कुठल्या डोळ्यात घड आहे हे ओळखून कात्री लावणं, एवढंच आमचं कसब. त्यानंतर चार महिने जपलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं गोड होतात.

कॉलेजसाठी सोलापुरात खोली घेतल्यावर मी बंगल्यांतल्या वेलींची कामं धरली. बागायतदारापेक्षा बंगलेवाल्यांची तऱ्हा वेगळी. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना वेल कमानीच्या आकारात हवी होती, घड आला नाही तरी चालेल म्हणायचे. एका डॉक्टरीणबाई कात्री लावली की डोळे झाकून आत जायच्या आणि आतून विचारायच्या, "मेली नाही ना?" अशाच एका गिऱ्हाइकाकडून मला रेल्वे लाइनीजवळच्या एका बैठ्या घराचा पत्ता मिळाला. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर होता.

त्या घरात शूशान आजी एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, गोऱ्या, नाक मोठं आणि सरळ, अंगात फुलांचा झगा आणि त्यावर स्वेटर. गल्लीतले त्यांना कलकत्त्याची बाई म्हणायचे. त्यांचे यजमान इथले मराठी ख्रिश्चन, रेल्वेत गार्ड होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजींनी पुष्कळ मुलांना इंग्रजीची शिकवणी दिली होती, त्यामुळे मराठी त्या सोलापूरचीच बोलायच्या, फक्त मधेच एखादा शब्द गोल व्हायचा.

अंगणात यजमानांनी लावलेली वेल मांडवावर माजून पडली होती. ऑक्टोबरात तिला कुणी हात लावलेला नव्हता. मी म्हणालो, "आजी, ह्या वर्षी हिला फळ यायचं नाही आता."

"मला फेब्रुवारीत नकोच आहे फळ," त्या म्हणाल्या. "तू वाळलेलं तेवढं काढ."

तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही.

जानेवारीत सहा तारखेला राहिलेलं काम करायला गेलो, तर आजी ठेवणीतला झगा घालून बसलेल्या, टेबलावर मेणबत्ती आणि भात. मी विचारलं, पाहुणे येणार आहेत का. "नाताळ आहे," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नाताळ तर झाला की. "तो सगळ्यांचा. तेव्हा मी इथल्या चर्चला जाते, केक खाते. आमचा आज असतो. आर्मेनियन लोकांचा. जुना."

आर्मेनियन हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचला होता. सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या यादीत. त्या ओळीतलं माणूस समोर बसून मला भात वाढेल असं वाटलं नव्हतं. भातात बेदाणे होते. त्यांनी वाढलं त्यांच्याच ताटात आणि चहा दिला त्यांच्याच कपात. आम्ही विहाराच्या वस्तीतली माणसं. अशा गोष्टी आमच्या लक्षात राहतात, ठेवाव्या लागत नाहीत.

मग फेब्रुवारी आला. दाजींच्या टोळीबरोबर तोडणी केली की मालक थोडा माल घरी न्यायला देतात. त्यातली चांगली दोन-तीन किलो मी आजींसाठी नेली. त्या खूश झाल्या, वास घेतला, टेबलावर ठेवली आणि एकही तोंडात टाकलं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा नेली. निघताना पाहिलं, तर ती द्राक्षं भिंतीपलीकडची पोरं खात होती. आजींनीच खोकं दिलं होतं.

घरी गेल्यावर आईला सांगितलं. आई चुलीपुढं होती.

"तुज्या हातचं खाल्लं न्हाई म्हण की."

"पण चहा स्वतःच्या कपात देती. ताटात वाढती."

आई भाकरी उलटायची थांबली. "मग ही कुटली तऱ्हा? फळाला तर कोणच न्हाई म्हणत न्हाई. फळाला इटाळ नसतोय म्हणत्यात. च्या चालतोय आन् द्राक्ष चालत न्हाई?"

"काय माहीत."

"त्येंच्यात उलटं आसंल," आई म्हणाली. "सगळ्यांत काय ना काय आसतंयच."

हे मी हसण्यावारी न्यायला हवं होतं. पण मनात बसलं. मार्चभर मी त्या घराकडे फिरकलो नाही. एप्रिलच्या सुरुवातीला आजींचाच फोन आला, "सुमेध, वेल वाळू द्यायची आहे का?" म्हणून दुपारी गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या. मी कात्रीला तेल देत बसलो आणि न राहवून विचारलं.

"आजी, राग येणार नसेल तर एक विचारू?"

"विचार की."

"मी दोनदा द्राक्षं आणली. तुम्ही खाल्ली नाहीत. माझ्या जातीमुळं?"

आजींनी माझ्या डब्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "डब्यात काय आणलंस?"

"भाकरी. शेंगाचटणी."

"दे."

त्यांनी अर्धी भाकरी मोडून चटणीला लावली आणि तिथंच पायरीवर खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायल्या. "लई तिखट करते तुझी आई," म्हणाल्या. "आता ऐक. मी द्राक्ष खाऊन किती वर्षं झाली ते माझं मलाच आठवत नाही. कुणाच्याच हातचं नाही. माझ्या नवऱ्याच्या हातचंसुद्धा खाल्लं नाही, आणि ही वेल त्यानं लावली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. आर्मेनियन लोकांत वर्षाची पहिली द्राक्षं आधी देवापुढं ठेवतात. ऑगस्टच्या मध्याला मरियमेचा सण असतो. त्याच्या जवळच्या रविवारी चर्चमध्ये द्राक्षांची परडी ठेवून पाद्री प्रार्थना म्हणतात, आणि मग ती द्राक्षं आलेल्या सगळ्यांना वाटतात. त्याआधी द्राक्ष तोंडात घालायचं नाही. त्यांच्या डोंगराळ मुलखात द्राक्ष ऑगस्टातच पिकतं, म्हणून तिथं हा नियम सोपा. सोलापुरात द्राक्ष येतं फेब्रुवारीत आणि मार्चअखेर संपतं. ऑगस्टात इथल्या वेलीवर पानाशिवाय काही नसतं. आणि असतं तरी ती प्रार्थना म्हणणारा पाद्री इथं नाही. "इथले पाळक फार चांगले आहेत," आजी म्हणाल्या. "मागे त्यांनी माझ्यासाठी फळांवर प्रार्थना करतो म्हटलं. पण ती त्यांची प्रार्थना. मला माझी हवी होती."

"मग बेदाणे?" मी विचारलं. मला भात आठवला.

"वाळलेल्याला नियम नाही. असं माझी आजी सांगायची. तिला बेदाणे आवडायचे."

त्या दुपारी मी छाटणी केलीच नाही. ऐकत राहिलो. त्यांच्या देशातल्या एका राजानं ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्या साधूला खोल खड्ड्यात टाकलं होतं आणि एक विधवा बाई रोज वरून भाकरी टाकून त्याला जगवत होती. पुढे राजा आजारी पडला, साधूनं त्याला बरं केलं आणि सगळं राज्य ख्रिस्ती झालं. जगात हे पहिलं राज्य, असं त्या अभिमानानं सांगत. मी त्या बाईचं नाव विचारलं. "नाव कुणी सांगत नाही," आजी म्हणाल्या. "भाकरीचं तेवढं सांगतात."

त्यांच्या लिपीबद्दलही सांगितलं. एका संन्याशानं ती घडवली आणि तिच्यावरच ही जमात टिकली, कारण राज्य काही टिकलं नाही. इराणच्या शहानं त्यांची गावंच्या गावं उठवून आपल्या राजधानीजवळ वसवली. तिथून ते रेशीम घेऊन सुरत, आग्रा, मद्रास, कलकत्ता असे पसरले. जिथं गेले तिथं आधी चर्च बांधलं. आजींचे वडिलांकडचे लोक हे. आईकडची आजी मात्र फार नंतर आली, शंभरेक वर्षांपूर्वीच्या कत्तलीतून वाचलेली अनाथ मुलगी, वाळवंटातून चालत निघालेली. त्या मुलीकडून ही द्राक्षांची शिस्त घरात कडक झाली. "ती म्हणायची, सगळं नेलं त्यांनी, पण उपास कुणाला नेता येत नाही."

मग त्या बोलल्या ते माझ्या मनात राहिलं. "कलकत्त्यात द्राक्ष पिकत नाही. आमच्या चर्चमध्ये बाजारातून आणून टेबलावर ठेवतात. परदेशातली, मेण लावल्यासारखी. आमच्यातली द्राक्षाच्या मुलखात राहणारी मी एकटी. आणि माझ्या अंगणातली मूठभर द्राक्षं त्या टेबलावर कधी गेली नाहीत. ऑगस्टात येतील असं करता येतं का रे?"

मी म्हणालो, विचारून सांगतो.

दाजींना विचारलं. ते टोळीचा हिशोब करून नुकतेच आडवे झाले होते.

"एप्रिलात फळछाटणी? कुणाच्या बागंत?"

"एका आजीच्या अंगणात. एकच वेल आहे."

"मग कर की. एका येलीनं कोण भिकंला लागतंय. पर द्राक्ष यायचं न्हाय."

"काडी जुनी आहे दाजी. मागच्या उन्हाळ्यातली. पोटात घड असणार."

"घड निगंल. पुढं? मेच्या उनात फुलोरा करपंल, जूनात डावणी ईल, आन् त्यातनं वाचलं तर आभाळात साखर धरत न्हाई. पावसात द्राक्ष धरायचं म्हंजी पुरात कडबा रचायचा." मग विचारलं, "म्हातारीला कशाला पायजे ऑगस्टातच?"

मी सांगितलं. दाजींनी कूस बदलली. "देवाचं हाय म्हण की. मग वरचे दोन डोळे ज्यादा ठेव."

एप्रिलात सगळ्या जिल्ह्यात खरड छाटणी चालू असताना मी त्या अंगणात ऑक्टोबरची छाटणी केली. हात धजत नव्हता. सहा वर्षांची सवय एकीकडे ओढत होती. आजी खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या. शेंडे पडायला लागले तशा त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हायर मेर. हे आमच्या पित्या. तू काप."

डोळे फुटले. कोवळ्या फुटीत मण्यांएवढे घड दिसले, तेव्हा आजी मांडवाखाली काठी टेकून बोट वर करून मोजायच्या: मेक, येर्कू, येरेक, चोर्स. मी म्हणालो, चौथा तर आमच्यासारखाच वाटतोय. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला वीसपर्यंत शिकवलं. मला वाटतं, त्या भाषेत त्यांच्याशी बोलणारं सोलापुरात कुणी नव्हतं. मोजणीपुरता मी झालो. सोळा घड होते. कोवळी पानं खुडून त्यांनी त्यात भात आणि खिमा भरून उकडला. डोल्मा म्हणायच्या. आपल्या अळूवडीसारखा बांधायचा, पण आंबूस. आईसाठी डबा भरून दिला. आईनं एक खाल्ला आणि म्हणाली, "पाला हाय, पर ग्वाड लागतोय."

मेमध्ये दाजी म्हणाले तसंच झालं. चार-पाच घडांचा फुलोरा करपला. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी मारून बाकीचे राखले. जूनमध्ये पाऊस लागला. मी मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी फवारलं, तरी पानांखाली डावणीची पांढरी बुरशी दिसलीच आणि तिनं आणखी काही घड नेले. घाबरून मी मांडवावर एक जुना फ्लेक्स ताणला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. रविवारी दाजी न सांगता तिथं हजर झाले. वर बघून म्हणाले, "ह्या सायबाच्या सावलीत द्राक्ष पिकतंय व्हय? ऊन कुटनं लागंल?" आणि पिशवीतून पारदर्शक प्लॅस्टिकची गुंडाळी काढली. दुपारभर आम्ही दोघांनी ते बांधलं. आजी त्यांना जावईबापू म्हणाल्या आणि चहा दिला. दाजी जाताना म्हणाले, "आजी, ग्वाड व्हतील आसं मी म्हणत न्हाई. पर कुजू द्यायचं न्हाय."

जुलैत आजी मोरीत पडल्या. मांडीचं हाड मोडलं. कलकत्त्याहून त्यांची भाची आली, अनाहित नावाची, आणि त्यांना तिकडे न्यायचं ठरलं. गाडीत झोपवताना त्यांनी माझा हात धरला.

"किती राहिले?"

"सहा. पण कच्चे आहेत."

"रविवार चुकवू नको," त्या म्हणाल्या. घराबद्दल, सामानाबद्दल काही बोलल्या नाहीत.

पुढचे दिवस मी सकाळी कॉलेजच्या आधी आणि संध्याकाळी त्या अंगणात जात होतो. मणी फुगले, थोडे काचेसारखे झाले, पण आभाळ उघडेना. दोन घड कुजले ते काढून टाकले. सणाच्या आदल्या आठवड्यात दाजींनी एक मणी चाखला आणि तोंड वाकडं केलं. "चिच बरी. आजून पंधरा दीस तरी पायजेत."

"पंधरा दिवस नाहीत दाजी."

"मग तोड. काय करतोस."

मी चार घड तोडले. आम्ही परदेशी जाणाऱ्या मालाला करतो तसं केलं. देठाला धरून कात्री लावली, हात मण्याला लागू दिला नाही, कारण बोट लागलं की मण्यावरची पांढुरकी झाक जाते. प्रत्येक घड वेगळ्या कागदी पुडीत, खाली कातरलेला कागद, खोक्याला भोकं. आजींचा एक जुना विद्यार्थी, विल्सन, पुण्याहून हावड्याला जाणाऱ्या गाडीत डब्याचा अटेंडंट होता. त्याचा नंबर भाचीनं दिला होता. मी खोकं मांडीवर घेऊन पुण्याला गेलो आणि प्लॅटफॉर्मवर त्याच्या हातात दिलं.

"एवढंच?" विल्सन म्हणाला. "मला वाटलं पेटी असेल. बरं, चादरींच्या कपाटात ठेवतो, तिथं गार असतं. टीचरनं मला टेन्स शिकवताना फार मारलंय, पण द्राक्षं पोचवतो."

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, भाचीच्या हातात दिलं म्हणून. त्यानंतर काहीच नाही. आजींचा फोन बंद होता. विल्सनची ड्यूटी दुसऱ्या गाडीवर लागली. भाचीचा नंबर मी दोनदा लावला, तिनं उचलला नाही आणि तिसऱ्यांदा लावायला मला धीर झाला नाही. मला वाटायचं, ती द्राक्षं बघून तिथल्या मोठ्या लोकांनी बाजूला ठेवली असतील. देवापुढं आंबट ठेवतात का, हे मी विचारलंच नव्हतं. दाजी अधूनमधून विचारायचे, "म्हातारीनं खाल्ली का?" मी म्हणायचो, कळलं नाही.

ऑक्टोबरात, आमची छाटणी ऐन जोरात असताना, अनाहितबाई घर रिकामं करायला सोलापुरात आल्या. शेजाऱ्यांनी निरोप दिला तसा मी बागेतून तसाच गेलो, हाताला चीक लागलेला. त्या हिंदीत बोलत होत्या. मला आठवतं तसं मराठीत लिहितो.

त्यांनी आधी फोन न उचलल्याबद्दल माफी मागितली. मावशीचं दवाखान्यात येणंजाणं चालू होतं. आता त्या बऱ्या आहेत, पण चालता येत नाही. चर्चच्या वृद्धाश्रमात आहेत, परत येणार नाहीत. मी विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "द्राक्षं पोचली. तिनं रविवारी खोकं मांडीवर घेतलं ते चर्चपर्यंत सोडलं नाही. मला हात लावू देईना. फादरनी विचारलं, हे कुठून? ती म्हणाली, माझ्या घरून. त्यांनी ते चारही घड टेबलावर मधोमध ठेवले."

"आंबट होते," मी म्हणालो.

"ते कुणी चाखून बघत नाही. प्रार्थना झाली."

"मग आजींनी खाल्ली?"

"खाल्ली," त्या म्हणाल्या. "पण तुमची नाही. प्रार्थना झाली की सगळी द्राक्षं एकत्र करतात, छोट्या पिशव्यांत भरतात आणि दारात वाटतात. मावशीच्या पिशवीत काळी आली. बाजारातली. मी म्हटलं, थांब, तुझी शोधून आणते. तिनं माझा दंड धरला. म्हणाली, टेबलावर ठेवली की ती कुणाची राहत नाहीत, गप्प बस. आणि ती काळी द्राक्षं एकेक करून सगळी खाल्ली. रडत होती की काय मला कळलं नाही, मी मागे उभी होते."

मी विचारलं, मग आमची कुणाकडे गेली.

"काय माहीत. भरपूर लोक होते. फक्त पायरीवर एक मुलगी उभी होती, आर्मेनियाहून इकडे शाळेत शिकायला आलेली, दहाएक वर्षांची. तिनं पिशवीतलं एक हिरवं द्राक्ष तोंडात टाकलं आणि डोळे घट्ट मिटून सगळा चेहरा आवळला. मावशी खुर्चीतून बघत होती. ती हसायला लागली. मला म्हणाली, ते बघ, सोलापूर पोचलं."